बाँड तेरा वर्षांचा झाला, आपला इमरान कधी होणार?

मार्च २००५ मध्ये ब्रिटनमध्ये 'सिल्व्हरफिन' नावाची मुलांसाठीची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक जेमतेम तेरा वर्षांचा. आईबाप नाहीत, आत्याने वाढवलेला, आणि एका बड्या निवासी शाळेत नुकताच दाखल होऊन बावरलेला. या मुलाचे नाव जेम्स बाँड.

हे नाव वाचून काही भगिनींच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. बाँड म्हटले की दारूचा पेला, जुगाराचे टेबल आणि दर सिनेमात बदलणारी बाई. इयान फ्लेमिंग यांनी १९५३ साली लिहिलेल्या 'कॅसिनो रॉयल' या पहिल्याच पुस्तकात हा गृहस्थ एका दिवसातली सत्तरावी सिगारेट पेटवतो. असा माणूस मुलांच्या पुस्तकात आणायचा कसा? त्याच्यातले सगळे वाईट धुऊन काढले तर शिल्लक काय राहणार, एक कोट आणि एक पिस्तूल?

मला या प्रश्नात रस वाटतो त्याचे कारण बाँड नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. उर्दू वाचणाऱ्या आमच्या पिढीने आणि आमच्या आधीच्या पिढीने ज्याच्यावर जीव टाकला तो हेर म्हणजे इब्ने सफींचा अली इमरान. आज तो कितीतरी घरांत कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर पडून आहे. पुस्तके आजोबांनी जमवलेली, आणि नातू मराठी किंवा इंग्रजी माध्यमात. त्याला ती लिपीच वाचता येत नाही. उर्दू माध्यमातल्या मुलांची गोष्टही फार वेगळी नाही. त्यांना लिपी येते, पण पाठ्यपुस्तकाबाहेरचे उर्दू पान ती स्वतःहून उघडत नाहीत. म्हणून इंग्रजांनी आपला म्हातारा नायक नातवंडांच्या हाती कसा दिला, ते मी जरा बारकाईने पाहिले.

पहिल्या प्रयत्नांत त्यांनाही ते जमले नव्हते. १९६७ मध्ये, म्हणजे फ्लेमिंग यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, 'जेम्स बाँड ज्युनिअर ००३½' अशा गमतीदार नावाचे एक पुस्तक निघाले. लेखकाने टोपणनाव घेतले होते. नायक होता बाँडचा पुतण्या. पुढे १९९१ मध्ये टीव्हीवर कार्टून मालिका आली, तिच्यातही पुतण्याच. पुतण्या फार सोयीचा असतो. काकाचे नाव वापरता येते आणि काकाच्या सवयींचा जाब कोणी विचारत नाही. पण मुलांना वर्गात काही वाचून दाखवले आहे का तुम्ही? खोटा माल त्यांना दुसऱ्या पानावर कळतो. बाँड सांगून पुतण्या दिला की ती जांभया देतात.

२००५ मध्ये मात्र हे काम चार्ली हिगसन यांच्याकडे आले. ते टीव्हीवरचे विनोदी कलाकार आणि लेखक. फ्लेमिंग यांच्या साहित्याचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने त्यांना खुद्द बाँडचेच बालपण लिहायला सांगितले. पण फ्लेमिंग यांनी लिहून ठेवलेल्या गोष्टींना धक्का लागता कामा नये. मग फ्लेमिंग यांनी बालपणाविषयी लिहिले होते तरी काय? फार थोडे. १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या कादंबरीत बाँड मेला असे सगळे समजतात आणि त्याचा वरिष्ठ वृत्तपत्रात त्याचा मृत्युलेख लिहितो. बाप स्कॉटिश, आई स्विस. मुलगा अकरा वर्षांचा असताना दोघेही फ्रान्समध्ये डोंगर चढताना पडून गेले. आत्या चार्मियनने केंट परगण्यातल्या एका खेड्यात त्याला सांभाळले. मग ईटन शाळा, तिथे काहीतरी भानगड झाली म्हणून काढले, मग दुसरी शाळा. विषय संपला. एवढ्या मोजक्या मजकुरावर हिगसन यांनी २००५ ते २००८ या काळात पाच जाड कादंबऱ्या उभ्या केल्या. पुढे २०१४ पासून स्टीव्ह कोल या लेखकाने आणखी चार लिहिल्या.

मला त्यांची रीत आवडली. त्यांनी बाँडला आजच्या काळात ओढून आणले नाही, त्याच्या हातात मोबाइल दिला नाही. गोष्ट १९३३ सालात ठेवली. दोन महायुद्धांच्या मधला काळ, घरोघरी पहिल्या युद्धाच्या जखमा आणि दुसऱ्याची चाहूल. बाँड मोठेपणी असा कोरडा, एकटा आणि धोक्याच्या मागे धावणारा का झाला, याचे उत्तर ते शोधत जातात. म्हणजे नायकाला लहान करण्यापेक्षा त्याला घडताना दाखवायचे. लिहायला बसले की या दोहोंतला फरक कळतो.

उदाहरण देते. 'सिल्व्हरफिन'मध्ये जेम्स सुट्टीत स्कॉटलंडला जातो, कारण त्याचे काका मॅक्स मरणाच्या दारात आहेत. कर्करोग झालेला. हे काका पहिल्या महायुद्धात हेर होते. शत्रूच्या तावडीत सापडले, हाल सोसले, कसेबसे सुटले. हे सगळे ते पुतण्याला मासेमारी शिकवता शिकवता, मोटार चालवायला शिकवता शिकवता सांगतात. आणि सांगतात ते शौर्याच्या सुरात नव्हे. मुलाला हेराचे आयुष्य प्रथम दिसते ते एका खोकणाऱ्या, खंगलेल्या माणसाच्या रूपात. गोष्टीच्या शेवटी काका जातात आणि मोटार जेम्सला मिळते. मोठ्या बाँडच्या सत्तर सिगारेटी लेखकाने खोडल्या नाहीत, त्यावर प्रवचनही दिले नाही. फक्त लहान बाँडच्या शेजारी हा खाटेवरचा काका आणून बसवला. पालक म्हणून मला याहून अधिक काही नको.

कथेतला खलनायक शस्त्रांचा व्यापारी आहे. डोंगरातल्या तळ्याकाठी त्याचा वाडा, आत गुप्त प्रयोगशाळा, माणसाला राक्षसी ताकदीचा सैनिक बनवण्याचे प्रयोग आणि तळ्यात मांसाला चटावलेले वाम मासे. एक मुलगा बेपत्ता होतो, आणि ते प्रकरण भीतिदायक आहे. भीती कमी केलेली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे मुलांसाठी लिहायचे म्हटले की आधी भीती काढून टाकतात आणि मग उपदेश घालतात.  हा खलनायक बाँडच्याच शाळेतल्या एका मुलाचा बाप आहे, लॉर्ड आहे, शाळेच्या स्पर्धेला आपल्या नावाचा चषक देतो. फ्लेमिंग यांच्या मूळ पुस्तकांत वाईट माणूस बहुतेक वेळा परदेशी, विचित्र चेहऱ्याचा किंवा शरीराने व्यंग असलेला असे. आपल्या मुलांनी असा ठसा उचलू नये असे ज्यांना वाटते, त्यांना हा बदल मोलाचा वाटेल. लेखकाच्या खोड्याही आहेत. एका मुलीच्या घोड्याचे नाव 'मार्टिनी' ठेवले आहे. मुलांना तो घोडा, आणि मोठ्यांना ठाऊक असते की बाँडचे आवडते पेय कोणते.

ती शाळेतली भानगड? फ्लेमिंग यांनी तिथे एका मोलकरणीकडे बोट दाखवले होते. पाचव्या कादंबरीत हिगसन यांनी ती मोलकरीण राजाच्या जिवावर उठलेल्या कटातली हेर करून टाकली. मूळ ओळ जशीच्या तशी राहिली आणि मुलांना वाचण्याजोगी गोष्टही मिळाली. याला म्हणतात कारागिरी.

सगळेच मला पटले असे नाही. ईटन ही श्रीमंतांच्या मुलांची शाळा आणि तिथल्या चालीरीतींची वर्णने पानेच्या पाने चालतात. आमच्या मुलांना तिथे कंटाळा येईल. अँथनी होरोविट्झ यांनी तर हा प्रश्नच टाळला. त्यांनी २००० साली अॅलेक्स रायडर हा चौदा वर्षांचा नवाकोरा हेर आणला, आजच्या लंडनमधला. तो मार्ग सोपा आहे आणि लोकप्रियही झाला. पण त्यात आजोबांच्या कपाटातली पुस्तके वरच्या फळीवरून खाली येत नाहीत.

आता आपल्या कपाटाकडे वळू.

इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. जन्म २६ जुलै १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. सुरुवातीला अलाहाबादेत शाळामास्तर होते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. उर्दूत अश्लील मजकुराशिवाय काही खपत नाही, असे एका बैठकीत कोणीतरी म्हटले आणि या तरुणाने ते खोटे ठरवायचे मनावर घेतले, असा किस्सा सगळ्यांना माहीत आहे. १९५२ मध्ये 'जासूसी दुनिया' सुरू झाली, कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीदची. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तके अलाहाबादहूनही निघतच राहिली. १९५५ मध्ये 'खौफनाक इमारत' आली आणि अली इमरानने पहिले पाऊल टाकले. दोन्ही मालिका धरून अडीचशेच्या आसपास पुस्तके. मध्ये १९६० ते १९६३ अशी तीन वर्षे मनाच्या आजाराने लेखणी थांबली. त्यातून उठून त्यांनी पुन्हा तितक्याच जोमाने लिहिले. २६ जुलै १९८० रोजी, वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी इमरान थोडक्यात सांगते. विलायतेत विज्ञान शिकून आलेला तरुण. वडील रहमान साहेब, गुप्तचर खात्याचे मोठे अधिकारी, कडक शिस्तीचे. घरात अम्मा बी आणि बहीण सुरैया. पुढे इमरान वेगळा फ्लॅट घेऊन राहतो, तिथे सुलेमान नावाचा स्वयंपाकी, जो मालकाला उत्तरास प्रत्युत्तर देतो. जगाला इमरान बावळट वाटतो. तोंडावर मूर्खपणा, बोलण्यात निरर्थक बडबड. आणि गुप्तपणे तोच सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख 'एक्स-टू' असतो. त्याच्या हाताखालच्या माणसांनाही ते ठाऊक नसते. ती फोनवर एक्स-टूचा आवाज ऐकून थरथरतात आणि समोरच्या इमरानची टिंगल करतात. हा माणूस सिगारेट ओढत नाही, दारूला शिवत नाही, च्युइंग गम चघळतो. म्हणजे बाँडला मुलांसाठी जेवढी झाडपूस करावी लागली तेवढी इमरानला करावीच लागणार नाही.

मग अडचण कुठे आहे? भाषेत. इमरानची अर्धी जादू त्याच्या बोलण्यात आहे. म्हणी उलट्यापालट्या करायच्या, थोरामोठ्यांच्या नावावर भलतेच वचन खपवायचे, गंभीर प्रसंगी भाजीचा भाव विचारायचा. हे शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणले तर मुले नुसती बघत राहतील. मराठीतल्या इमरानला मराठी म्हणींची वाट लावता आली पाहिजे. 'नाचता येईना, पलंग वाकडा' असे तो गंभीर चेहऱ्याने म्हणेल, समोरचा चिडून 'अंगण!' म्हणेल, आणि इमरान विचारेल, "तुम्ही अंगणात झोपता?" असे लिहिणारा माणूस दोन्ही भाषांत मुरलेला हवा. आपल्या महाराष्ट्रात असे लोक आहेत. कोकणात, मराठवाड्यात, खानदेशात घरात उर्दू आणि बाजारात मराठी बोलणारी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत.

उर्दूत कोणी काही केलेच नाही असे नाही. इब्ने सफींनंतर मुलतानच्या मजहर कलीम यांनी इमरानच्या ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांचा इमरान मोठाच आहे, आणि मला विचाराल तर जास्तच यंत्रवत. मुलांसाठी खरे काम केले ते इश्तियाक अहमद यांनी. इन्स्पेक्टर जमशेद आणि त्याची मुले महमूद, फारूक, फरजाना यांच्या शेकडो कादंबऱ्या. त्यात मुलगी केवळ चहा आणत नाही. सगळ्यात आधी धागा तिलाच सापडतो. त्यांची अखेरच्या काळातली कादंबरी होती 'इमरान की वापसी'. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये कराचीचा पुस्तक मेळा आटोपून घरी परतताना विमानतळावर त्यांना मृत्यूने गाठले. इब्ने सफींच्या इमरानला परत आणावे असे मुलांच्या एका मोठ्या लेखकाला शेवटी वाटले, एवढी गोष्ट मला पुरेशी आहे. इमरानच्या बालपणाची जागा मात्र मोकळीच आहे.

मराठीत गंमत म्हणजे उलटा प्रवास झाला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा मुळातच शाळकरी पोरगा, फुरसुंगीचा. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर तो मुलगाच होता. २०१७ च्या चित्रपटात मात्र तो मोठा झाला, कॉलेजच्या वयाचा. चित्रपट मला आवडला, पण माझ्या वर्गातली बारा वर्षांची मुले त्याच्यात स्वतःला शोधू शकली नाहीत. मोठ्यांची आठवण जपण्यासाठी नायक वाढवला की तो मुलांच्या हातून जातो.

हे सगळे इतक्या तळमळीने का लिहिते आहे, ते सांगते. वाचनालयाच्या तासाला मी सातवीच्या वर्गाला 'खौफनाक इमारत'ची सुरुवातीची पाने वाचून दाखवली. एक बंद इमारत, आत प्रेत, प्रेतावर सारख्या अंतरावर तीन जखमा. मुले श्वास रोखून ऐकत होती आणि इमरानच्या बडबडीवर बाके वाजवत होती. मध्येच मागच्या बाकावरून एकाने विचारले,

"टीचर, ये अपने में का है क्या?"

"हाँ, अली इमरान नाम है ना."

"और पुलिस की तरफ से है?"

मी 'हो' म्हटले आणि पुढचे पान उलटले. पण 'की तरफ से' हे शब्द डोक्यातून गेले नाहीत. सिनेमात, मालिकेत आपल्या नावाचा माणूस पडद्यावर आला की तो कोणत्या बाजूचा निघणार, हे ही मुले मध्यंतराच्या आधीच ओळखतात. त्यांना त्याचे आश्चर्यही वाटत नाही. आश्चर्य वाटले ते इमरानचे. ज्या घरात अम्मा बी आहे, बापाचा दरारा आहे, बहिणीशी भांडण आहे, त्याच घरातला मुलगा देशाच्या बाजूने उभा राहतो आणि त्याबद्दल कोणाला पुरावा देत बसत नाही. इब्ने सफी सहसा त्या देशाचे नावही घेत नाहीत. त्यामुळे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांनी तो आपलाच मानला. आपल्या मुलांसाठी लिहिताना तो देश आणि ते शहर नावानिशी आपले असले पाहिजे असे मला वाटते. भायखळा म्हणा, मालेगाव म्हणा, औरंगाबादची एखादी गल्ली म्हणा.

असे पुस्तक कोणालाही उठून लिहिता येणार नाही, हेही खरे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात आणि इब्ने सफींना जाऊन अजून तेवढी वर्षे झालेली नाहीत. तेव्हा वारसांची परवानगी हवी, करार हवा, मानधन हवे. ब्रिटनमध्ये हेच झाले. हक्कदारांनी स्वतः पुढे होऊन लेखक निवडला. आपल्याकडे उर्दू पुस्तकांच्या बाबतीत परवानगीशिवाय छापून मोकळे होण्याची वाईट सवय आहे, ती इथे चालणार नाही. एखाद्या मराठी प्रकाशकाने मनावर घेतले तर उर्दू आणि मराठी अशा दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी निघू शकतील. आजोबा एक वाचतील, नात दुसरी.

आणि लिहिणाऱ्याने हिगसनकडून एकच गोष्ट घ्यावी: मोठ्या इमरानमधला जो प्रश्न सुटलेला नाही, तिथून सुरुवात करावी. तो प्रश्न म्हणजे रहमान साहेब आणि इमरान. एवढ्या हुशार मुलाने बापासमोर मूर्ख का व्हावे? बापाला त्याची लाज का वाटावी? बाप-लेकाचे न जमणे आपल्या किती घरांत आहे, आणि त्यावर मुलांच्या पुस्तकात किती कमी लिहिले जाते!

मी हा प्रश्न वर्गालाच दिला. बारा वर्षांच्या इमरानबद्दल अर्धे पान लिहा, उर्दूत किंवा मराठीत, जे सोपे जाईल त्यात. बऱ्याच जणांनी बॉम्ब फोडले. दोघांनी इमरानला क्रिकेटपटू केले. एका मुलीने मराठीत लिहिले की इमरान वार्षिक परीक्षेत गणितात मुद्दाम नापास होतो. अब्बा रागावून त्याला सुट्टीभर आपल्या ऑफिसात एका कोपऱ्यात बसवतात. त्या ऑफिसातून कागद कोण चोरतो ते इमरानला शोधायचेच होते, आणि मूर्ख मुलासमोर कोणी कागद लपवत नाही. अब्बांना मात्र तो काहीच सांगत नाही, कारण चोर अब्बांचा जुना दोस्त असतो.

शेवटी कंसात लिहिले होते: जागा संपली.